आजोबांची लेन्स, नातवाचा कॅमेरा

माळ्यावर पडून असलेली जुनी मॅन्युअल लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर मस्त चालते. फक्त ती कितीची आहे, हे कॅमेऱ्याला सांगायला विसरू नका!

कॉलेजच्या फेस्टला, एकांकिकेच्या प्रयोगाला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला कॅमेरा घेऊन गेलात की पहिला शत्रू भेटतो तो म्हणजे अंधार. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर जाऊन बसते. मग आयएसओ वाढवा, फोटोत रवाळपणा घ्या, नाहीतर शटर मंद करा आणि हललेला फोटो घ्या. ‘एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची लेन्स घे ना,’ असा सल्ला सगळे देतात. तिची किंमत मात्र सल्ला देणाऱ्याला भरायची नसते!

अशा वेळी एकदा घरातलं जुनं कपाट उघडून बघा. चामड्याच्या केसमध्ये एखादा झेनिट, पेंटॅक्स किंवा निकॉन निघाला, तर त्याच्या तोंडावर बसलेली ५० किंवा ५८ मिलिमीटरची लेन्स बहुतेक वेळा एफ/२ किंवा त्याहून उजळ असते. त्या काळी तीच ‘किट लेन्स’ होती! फिल्मच्या कॅमेऱ्यांबरोबर झूम नाही, तर अशी साधी, उजळ, एकाच फोकल लेन्थची लेन्स यायची. आग्फा क्लिक थ्री किंवा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला, तर तो शोकेसमध्ये ठेवा. त्यांची लेन्स बॉडीपासून सुटी होत नाही. पण फिरवल्यावर निघणारी लेन्स हाती लागली, तर मामला इंटरेस्टिंग आहे.

आरसा गेला, जागा मिळाली

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसतेच कशी? त्याचं उत्तर एका अंतरात आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावरची धातूची रिंग, म्हणजे माउंट, आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर असतं. एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा असायचा. तो वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठं. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५ मिलिमीटर, झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या एम४२ स्क्रू माउंटचं ४५.४६, मिनोल्टाचं ४३.५ आणि कॅननच्या एफडी माउंटचं ४२.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. त्यामुळे सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २० आणि फुजीच्या एक्स माउंटचं १७.७. आता शाळेतली वजाबाकी करा. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची, तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिलिमीटर लांबीची एक नळी मध्ये घाला. झालं काम! लेन्सला वाटतं, आपण आपल्याच जुन्या घरी आहोत. हीच नळी म्हणजे अडॅप्टर. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, सर्किट नसतं. तो दोन्ही टोकांना दोन वेगळे माउंट असलेला धातूचा पोकळ तुकडा असतो. म्हणूनच तो स्वस्त असतो आणि चित्राच्या दर्जाला फारसा धक्का लावत नाही.

हीच वजाबाकी निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स लावून करून बघा. ४५.४६ वजा ४६.५. उत्तर उणे! म्हणजे लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांबच बसते आणि दूरचं काही फोकसच होत नाही. मधे काच घातलेले अडॅप्टर मिळायचे, पण ती काच चित्र बिघडवायची. जुन्या लेन्सना खरी संधी मिळाली ती मिररलेस आल्यावर.

या अंतरासाठी माणसं कुठवर जातात बघा. स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या सिनेमात मेणबत्तीच्या उजेडात दृश्यं घेतली, ती झाइसच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्सवर. ती लेन्स मुळात बनली होती ‘नासा’साठी. तिचं मागचं टोक फिल्मच्या अगदी जवळ न्यावं लागत होतं, म्हणून मिचेल कंपनीचा अख्खा सिनेकॅमेरा आतून बदलून घ्यावा लागला. तुम्हाला एक अडॅप्टर पुरतो. नशीबवान आहात!

हात थरथरतो, सेन्सर सावरतो

लेन्स बसली, पण ती तर ‘मुकी’ आहे. ऑटोफोकस नाही, चिप नाही आणि हात थरथरला तर सावरणारी यंत्रणाही नाही. फिल्मच्या काळात यावर एकच नियम होता. शटरचा वेग ‘एक भागिले फोकल लेन्थ’पेक्षा मंद ठेवायचा नाही. ५० मिलिमीटरला निदान १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००.

इथे कामाला येतं ते बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, ज्याला सगळे ‘आयबिस’ म्हणतात. लेन्समधली काच हलवण्याऐवजी कॅमेरा सेन्सरच हलवतो. आतले जायरो सेन्सर हाताची थरथर मोजतात आणि चित्र जिकडे सरकतं आहे तिकडे सेन्सरला नेतात. ही करामत २००४ मध्ये कोनिका मिनोल्टाने डीएसएलआरमध्ये आणली. २०१२ मध्ये ऑलिम्पसच्या ई-एम५ मध्ये ती पाच अक्षांवर आली आणि २०१४ मध्ये सोनीच्या ए७ मार्क टू मध्ये पहिल्यांदा फुल-फ्रेम मिररलेसवर. पुढे निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ मध्ये, तर कॅननने २०२० मध्ये आर५ आणि आर६ मध्ये ती दिली.

यातली गंमत अशी, की सेन्सर कॅमेऱ्यात आहे, त्यामुळे समोर कुठलीही लेन्स असो, ती ‘स्टॅबिलाइज्ड’ होते. आजोबांनी सहलीला वापरलेली लेन्ससुद्धा. हिशेब करायचा, तर शटर निम्म्या वेगाने मंद केलं की एक स्टॉप. ५० मिलिमीटरला १/५० वरून १/२५, मग १/१२, मग १/६. हातात धरून १/६ सेकंदाला फोटो स्थिर आला, तर तुम्ही तीन स्टॉप कमावले. म्हणजे आयएसओ ६४०० च्या जागी ८०० वर काम भागलं. कंपन्या याहून मोठे आकडे सांगतात, पण ते त्यांच्या नव्या लेन्सबरोबरचे असतात. मुक्या लेन्सबरोबर दोन-तीन स्टॉप धरून चाला. जास्त मिळाले तर बोनस!

कॅमेऱ्याला आकडा सांगा

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या लेन्सवर घेतलेले फोटो हललेले येतात, तेव्हा अनेकदा दोष लेन्सचा नसतोच. कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेन्थ चुकीची सांगितलेली असते.

का, ते बघा. समजा, तुमचा हात ०.१ अंशाने हलला. ५० मिलिमीटरच्या लेन्सने तयार केलेलं चित्र त्यामुळे सेन्सरवर सुमारे ०.०८७ मिलिमीटर सरकतं. तोच हात, तेवढाच हलला, पण लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर चित्र ०.३५ मिलिमीटर सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे पहिल्या वेळी १४-१५ पिक्सेलचा फराटा, दुसऱ्या वेळी ५८ चा. थरथर किती झाली, हे जायरो सांगतो. पण सेन्सर किती हलवायचा, हे ठरवायला कॅमेऱ्याला फोकल लेन्थ लागते. नवी लेन्स ती चिपमधून आपोआप सांगते. मुक्या लेन्सच्या वतीने बोलायचं काम तुमचं!

चुकीचा आकडा टाकला तर? लेन्स २०० ची आणि आकडा ५० चा असेल, तर कॅमेरा चौथा हिस्साच दुरुस्ती करतो आणि बाकीचा फराटा तसाच राहतो. उलट, लेन्स ५० ची आणि आकडा २०० चा असेल, तर तो गरजेच्या चौपट हलवू बघतो. मग फोटो स्टॅबिलायझेशन बंद असताना हलला असता, त्याहून तिप्पट हलतो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत!

सोनीमध्ये हा आकडा ‘स्टेडीशॉट सेटिंग्ज’मध्ये ‘मॅन्युअल’ निवडून ८ ते १००० मिलिमीटरपर्यंत टाकता येतो. निकॉन झेडमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ नावाचा मेनू आहे, तिथे लेन्सची माहिती आधीच भरून ठेवता येते. फुजीमध्ये ती सोय ‘माउंट अडॅप्टर सेटिंग’मध्ये आहे. हा मेनू एखाद्या कस्टम बटणावर लावून ठेवा. दर वेळी मेनूच्या जंगलात शिरायचा कंटाळा आला की माणूस आकडा बदलायचं टाळतो आणि तिथेच घोळ होतो.

दोन बारकावे आणखी. पहिला, आकडा लेन्सवर छापलेलाच टाका. तुमचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असेल, तर ५० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमच्या ७५ सारखी ‘दिसते’ हे खरं, पण म्हणून ७५ टाकायचे नाहीत. लेन्स ५० चीच आहे. दुसरा, झूम लेन्स असेल तर झूम बदलला की आकडाही बदलायला हवा. एवढी कटकट नको, म्हणून सुरुवात एकाच फोकल लेन्थच्या लेन्सने केलेली बरी.

आणि हो, पाच अक्षांची जाहिरात असली, तरी मुक्या लेन्सबरोबर सोनी आणि निकॉनचे कॅमेरे तीनच अक्षांवर काम करतात. कॅमेरा वर-खाली झुकणं, डावी-उजवीकडे वळणं आणि स्वतःभोवती गोल फिरणं, एवढंच सावरलं जातं. उरलेले दोन अक्ष म्हणजे अख्खा कॅमेरा सरळ बाजूला किंवा वर-खाली सरकणं. त्याचा परिणाम वस्तू किती जवळ आहे यावर ठरतो आणि ते अंतर मुकी लेन्स सांगू शकत नाही. लांबच्या फोटोत याने काही बिघडत नाही. पण फुलावरच्या मुंगीचा क्लोजअप घेताना फक्त आयबिसच्या भरवशावर राहू नका.

समोरचा माणूस थांबत नाही

आयबिस तुमचा हात सावरतो. समोरच्याला थांबवत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या प्रयोगाला तुम्ही प्रेक्षागृहात बसून १३५ मिलिमीटरची जुनी लेन्स लावली आहे. नट पॉज घेऊन उभा आहे, चेहऱ्यावर एकच स्पॉट आहे. इथे १/३० ला फोटो टिपला, तर तो काचेसारखा स्वच्छ येऊ शकतो. पण त्याच नटाने पुढच्या क्षणी हात झटकला, तर हाताचा फराटाच मिळेल. सेट मात्र एकदम शार्प! तिथे १/१२५ किंवा १/२५० च लागणार आणि त्यासाठी आयएसओ वाढवावाच लागणार. स्थिर क्षण ओळखून बोट दाबणं हा त्यावरचा जुनाच उपाय. नाटक माहीत असलेल्या फोटोग्राफरचे फोटो चांगले येतात, ते यामुळेच.

कधी ही मर्यादाच कामाला येते. लोकल फलाटावर शिरताना १/१० ला फोटो घ्या. फलाटावरचा बाक स्थिर, लोकल धूसर. पूर्वी यासाठी ट्रायपॉड लागायचा. आणि ट्रायपॉड लावलाच, तर आयबिस बंद करा. हलायलाच काही नसताना सेन्सर उगाच चुळबुळ करू शकतो.

व्हिडिओ करणाऱ्यांना तर ही जोडी फारच मानवते. हातातल्या शॉटमधली बारीक थरथर निघून जाते. मात्र चालताना येणारे धक्के आयबिस पूर्ण पुसत नाही, तिथे गिम्बलच हवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, म्हणजे फ्लिकर त्रास देत नाही.

फोकस तुमच्या बोटात

पहिल्यांदा लेन्स लावल्यावर कॅमेरा फोटो काढायलाच नकार देईल. घाबरू नका. समोर लेन्स आहे, हेच त्याला कळलेलं नाही. सोनी, फुजी आणि कॅननच्या मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देणारा पर्याय असतो, तो ऑन करा. एक्स्पोजरची चिंता नको. ‘ए’ मोडमध्ये कॅमेरा येणाऱ्या प्रकाशावरून शटर स्वतः ठरवतो. अ‍ॅपर्चर लेन्सवरची रिंग फिरवून तुम्ही ठरवायचं.

फोकससाठी दोन मदतनीस आहेत. ‘फोकस पीकिंग’ फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं. ते झटपट आहे, पण एफ/१.४ ला थोडं फसवं. डोळ्यावर नेमका फोकस हवा असेल, तर चित्र मोठं करून बघा. इथे आयबिसचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. १३५ मिलिमीटरच्या लेन्समधून दृश्य मोठं केलं की हाताच्या थरथरीने ते असं नाचतं, की डोळा कुठे आणि भुवई कुठे कळेना. बऱ्याच कॅमेऱ्यांत स्टॅबिलायझेशनमुळे हे दृश्यही स्थिर होतं. फोटो काढायच्या आधीच तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

या लेन्सचा स्वभावही समजून घ्या. सोव्हिएत हेलिओस ४४, म्हणजे झेनिटबरोबर येणारी ५८ मिलिमीटर एफ/२, ही झाइसच्या बायोटार लेन्सच्या डिझाइनवर बेतलेली. मागे झाडाची पानं असतील, तर ती पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात. लेन्सच्या हिशेबाने हा दोष, पण पोर्ट्रेटमध्ये लोक मुद्दाम तो शोधतात. जुन्या लेन्सवरचं कोटिंग आजच्याइतकं भक्कम नसतं, त्यामुळे समोर सूर्य किंवा स्टेजचा दिवा आला की चित्र धुवट होतं. कधी ते सुंदर दिसतं, कधी नुसतंच फिकट. एक लेन्स हूड घ्या आणि अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप बंद करून बघा, तीच लेन्स चकित करेल.

टॉर्च घेऊन बाजारात जा

घरात काही सापडलं नाही, तर मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आहे, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. शिवाय गावात वर्षानुवर्षं फोटो स्टुडिओ चालवणारे काका असतात, त्यांना जरूर विचारा. मात्र घ्यायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्याची देणगी! मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बंद चामड्याच्या केसमध्ये राहिलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. वेळीच साफ केली तर ठीक. जुनी झाली की ती काचेवरचं कोटिंग खाते आणि ते परत येत नाही.

म्हणूनच घरातली लेन्स ‘कधीतरी बघू’ म्हणून ठेवून देऊ नका. येणारा प्रत्येक पावसाळा तिचं थोडं आयुष्य खातो. चामड्याच्या केसमधून काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा आणि अधूनमधून वापरा. वापरातल्या लेन्सला हवा आणि उजेड मिळतो.

खरेदीची छोटी यादी

* माउंट आधी ओळखा, अडॅप्टर नंतर घ्या. एम४२ ला मागे स्क्रूचे आटे असतात. बाकीच्या बहुतेक लेन्स खाचेत बसवून फिरवायच्या असतात.

* अ‍ॅपर्चर रिंग हवीच. निकॉनच्या ‘जी’ लेन्सना ती नसते, त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. कॅनन ईएफचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, साध्या नळीवर ते बदलताच येत नाही.

* एम४२ लेन्सच्या मागे बारीक पिन असेल, तर ती दाबणारा अडॅप्टर घ्या. नाहीतर रिंग कितीही फिरवा, अ‍ॅपर्चर उघडंच राहील.

* अ‍ॅपर्चर उघड-बंद करून बघा. पाती तेलकट किंवा अडकणारी असतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

* सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ पिवळसर दिसली, तर लगेच नाकारू नका. तिच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम आहे, त्याने ती पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की रंग उतरतो. अशी लेन्स घरी उघडायच्या किंवा घासायच्या भानगडीत मात्र पडू नका.

* सेकंडहँड बॉडी घेताना आयबिस आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. सोनीच्या ए६५००, ए६६०० आणि ए६७०० मध्ये आहे, ए६४०० आणि झेडव्ही-ई१० मध्ये नाही. निकॉन झेड ५ मध्ये आहे, झेड ५० मध्ये नाही. फुजी एक्स-एस१० मध्ये आहे, एक्स-टी३० मध्ये नाही. कॅनन आर७ मध्ये आहे, आर१० मध्ये नाही. ‘डिजिटल स्टॅबिलायझेशन’ म्हणजे आयबिस नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. पैसे वाचतात हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. नव्या कॅमेऱ्यात फोकस, अ‍ॅपर्चर, फोकल लेन्थ हे सगळं तुमच्या वतीने कुणीतरी परस्पर ठरवत असतं. फोटो चांगला आला तरी का आला, हे कळत नाही. जुनी लेन्स लावली की एकेक गोष्ट तुमच्या बोटांत येते. आणि हलणारा हात, जो आधी पूर्ण फोटो घालवायचा, तो आता कॅमेरा सांभाळतो. म्हणजे शिकताना होणाऱ्या चुका तुमच्या निर्णयांच्या असतात, थरथरीच्या नसतात. त्या चुकांतूनच माणूस शिकतो.

तर या रविवारी एक सोपा प्रयोग करा. संध्याकाळी दिवे लागल्यावर एकाच जागी उभे राहा आणि न हलणारी एकच वस्तू निवडा. देवळाची दीपमाळ चालेल, बंद टपरी चालेल. फोकल लेन्थचा बरोबर आकडा टाकून १/५०, १/२५, १/१२ आणि १/६ ला प्रत्येकी पाच फोटो घ्या. मग आयबिस बंद करून तेच पुन्हा. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर मोजा, कुठल्या वेगाला पाचापैकी किती स्वच्छ आले. तुमचा हात आणि तुमचा कॅमेरा मिळून कुठवर जाऊ शकतात, हे त्या चाळीस फोटोंत लिहिलेलं असेल. पुढच्या वेळी अंधारात उभे असाल, तेव्हा शटर कितीवर ठेवायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही.